श्वासनलिकेतला लेसर: किती जाळायचं, किती राखायचं

मोठ्या माणसाची श्वासनलिका सुमारे दोन सेंटिमीटर रुंद असते. आतली वाट 8 मिलिमीटरवर आली की जिना चढताना धाप लागते, 5 वर आली की बसल्या जागीही घरघर ऐकू येते. दमा समजून दिलेले फवारे बरेचदा तोवर चालूच असतात. शांत प्रवाहात हवेला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. म्हणजे वाट दुप्पट रुंद झाली की विरोध सोळा पट घटतो. लेसरने थोडी जागा मोकळी केली तरी रोग्याला तिथल्या तिथे बरं वाटतं ते यामुळे, आणि त्या आरामावर भुलून लेसरला रामबाण मानलं जातं तेही यामुळेच. पण आराम पडला म्हणजे आजार गेला असं नव्हे.

पुष्कळदा हा आकुंचनाचा आजार मुळात जखमेतूनच आलेला असतो. व्हेंटिलेटरच्या नळीवरचा फुगा पाण्याच्या 30 सेंटिमीटरहून जास्त दाबाने फुगला, तर अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो, ते मरतं आणि व्रण आकसत जातो. त्याच जागी लेसरने सगळीकडून गोल भाजलं तर नवा व्रण ठरलेलाच. म्हणून जाणकार डॉक्टर तीन-चार ठिकाणी चिरा देतात, मधलं अस्तर राखतात आणि मग वाट फुग्याने रुंदावतात. या कामाला कार्बन डायऑक्साइड लेसर सोयीचा, कारण पेशींतलं पाणी त्याचे किरण वरच्यावर शोषून घेतं. (हा लेसर 1964 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये घडवणारे कुमार पटेल बारामतीत जन्मले, पुण्यात इंजिनीअर झाले.) गाठीने वाट बुजली असेल तर खोलवर जाऊन रक्तस्राव थोपवणारा याग लेसर बरा, मात्र अन्ननलिका लगतच असते. शिवाय ऑक्सिजन 40 टक्क्यांच्या आत ठेवला नाही तर श्वासासाठी घातलेली नळी पेट घेऊ शकते.

मग आकसलेला भाग कापून टोकं सरळ जोडून का टाकू नयेत? आकुंचन लांब असेल, कूर्चा ढासळली असेल, तर तेच करावं. तिथे पुन्हापुन्हा लेसर मारणं मला वेळकाढूपणा वाटतो. पण सेंटिमीटरभराच्या आतल्या पातळ पडद्यासाठी एवढी मोठी शस्त्रक्रिया कशाला? आणि हृदय कमजोर असलेल्या माणसाला ती झेपायचीही नाही. कर्करोगात लेसर गाठ बरी करत नाही, पण गुदमरणाऱ्या रोग्याला रेडिएशनसाठी आडवं झोपता येईल एवढा श्वास मिळवून देतो. साध्या सुरीने किंवा नुसत्या फुग्यानेही काम भागतं, हा आक्षेप खराच आहे. त्यामुळे यंत्र कोणतं यापेक्षा आकुंचन किती लांब आणि कूर्चा शाबूत आहे का, हे सीटी स्कॅन आणि दुर्बिणीतून आधी पाहून घेतलेलं बरं.