माझ्या वाटणीची भाकरी

श्यामनगर तलावाभोवती पहाटे साडेपाचलाच पावलं सुरू होतात. अजून नीट उजाडलेलं नाही. मे महिना आहे. रात्रभर पंख्याखाली तळमळून झालेलं, त्यामुळे आज गर्दी लवकर लोटली आहे. पाण्यावरून किंचित वारा येतो, की चालता चालता सगळे त्या बाजूला तोंड करतात.

साडीखाली पांढरे बूट. गाऊनवर ओढणी. काळ्या बुरख्यातल्या दोघी जोरजोरात हात हलवत सगळ्यांना मागे टाकून पुढे जातात. कुणाच्या खिशातून भजन ऐकू येतं, कुणाच्या फोनवर गावाकडचं बोलणं. एक आजोबा मुद्दाम उलट्या दिशेने चालतात, समोरून येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करता यावा म्हणून.

मी तिघींच्या एका घोळक्याच्या मागे लागते. वेग किती असावा, याची डॉक्टरांनी सांगितलेली खूण सोपी आहे. चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये. असं चालणं आठवड्याला 150 मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. पुढच्या तिघींचं बोलणं थांबत नाही.

"रात्री काय जेवलात काकू?"

"मी कुठे जेवले? एक पोळी घेतली. मग नातवाने वरणभात टाकला होता, तो संपवला. भाजी चमचाभर उरली होती. तेवढ्यासाठी वाटी कशाला फ्रिजमध्ये ठेवायची? तीपण संपवली."

बाकीच्या दोघी मान डोलावतात. आपल्या घरात बाई शेवटी बसते. तिच्या ताटात कढईच्या कडेचं येतं, पोराच्या ताटातलं येतं, डब्यातून परत आलेलं येतं. ते कुणी मोजत नाही, तीही नाही. अन्न टाकू नये ही शिकवण मला आजही पवित्र वाटते. पण ती पाळण्याचं ओझं घरातल्या एकाच पोटावर पडावं, हे मला आता मान्य नाही.

तलावाच्या कोपऱ्यात व्यायामाची लोखंडी यंत्रं आहेत. पिवळा-निळा रंग उडालेला, दांडे हाताच्या घामाने गुळगुळीत झालेले. दोन पायऱ्यांवर उभं राहून पाय मागेपुढे झुलवायच्या यंत्रापाशी पाच जणी थांबल्या आहेत. तिथे सगळ्यांत जास्त वेळ लागतो, कारण त्यावर चढलेली उतरत नाही. कर्रर्र, कर्रर्र, एकसुरी आवाज. उजाडतं तसं पलीकडच्या इमारतींच्या खिडक्यांत दिवे विझत जातात. लिंक रोडवरून पहिल्या बसचा घरघराट येतो.

सात वाजतात. लॅबचं शटर अर्धं वर गेलेलं आहे आणि बाहेर रांग आहे. दहा बाय बाराची खोली, सहा प्लॅस्टिकच्या खुर्च्या. बाकीचे फुटपाथवर, हातात नंबराची चिठ्ठी. सगळे रात्रीपासून उपाशी. शेजारच्या टपरीवर आलं ठेचल्याचा आवाज येतो आणि रांगेतली दहा डोकी एकदम तिकडे वळतात.

"नुसता चहा तरी घेऊ का? बिनसाखरेचा?" एक काका विचारतात.

"दूध पण नको काका. पाणी प्या फक्त," काउंटरवरची मुलगी मान वर न करता सांगते.

काका घड्याळ बघतात. रात्री नऊला जेवलेत. आता त्यांच्या हाताला बारीक कंप आहे. मागची बाई त्यांना आपली खुर्ची देते.

भिंतीवर तक्ता आहे. उपाशीपोटी साखर 100च्या खाली हवी. 126 किंवा त्यापुढे गेली की मधुमेह. मधली माणसं उंबरठ्यावरची, आणि या रांगेत मधलीच जास्त असावीत. मीही त्यांतली. देशात मधुमेहाचे रुग्ण 10 कोटींवर असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. तक्त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात पोटाभोवती टेप धरलेल्या माणसाचं चित्र आहे. बाईची कंबर 80 सेंटिमीटर, पुरुषाची 90, त्याच्या आत हवी. काउंटरवरच्या मुलीकडे शिंप्याची टेप आहे. ती एकेकीला बाजूला घेऊन हळू आवाजात आकडा सांगते. हळू आवाजात सांगते, याचं मला फार बरं वाटतं.

माझ्या पुढची मुलगी पंचविशीची असेल. तिच्या चिठ्ठीवर साखरही आहे आणि हिमोग्लोबिनही. हे दोन्ही एकत्र बघून आधी नवल वाटायचं. आता वाटत नाही. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या दर 100 बायकांमागे 24 जणींचं वजन जास्त निघालं, आणि 57 जणींच्या अंगात रक्त कमी. म्हणजे पोट भरतं, पण रक्ताला हवं ते त्यात नसतं. चहा-खारी, चहा-पाव, पोळी आणि बटाटा. दिवसभर काहीतरी खाल्लेलं असतं, आणि तरी जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते.

सुई आत जाते. मुलगी कापूस दाबून धरायला सांगते. रांगेतून सुटलेली माणसं थेट टपरीवर जातात.

मी हायवेकडे चालू लागते. डोक्यावरून मेट्रो जाते, खाली गाड्या. धूर आत्ताच बोचायला लागला आहे. हायवे ओलांडून गुंफांच्या गल्लीत वळलं की सगळं बदलतं. घरांच्या मधून अरुंद वाट, आणि मग दगडात कोरलेल्या पायऱ्या खाली उतरतात. सहाव्या शतकातली ही लेणी. वर वस्ती, खाली काळोख. बाहेर घाम निथळत असतो आणि इथे पायांखालचा दगड गार लागतो. खांबांच्या रांगेतून आत देवीची घंटा वाजते. दर्शनाची रांग लहान आहे. फुलवाली, दोन कॉलेजची मुलं, कडेवर बाळ घेतलेली एक आई. पुजाऱ्याने हातावर ठेवलेला साखरफुटाण्यांचा प्रसाद मी खाते. तो मोजायचा नसतो.

परत वर चढताना माझ्या पुढची बाई मध्येच थांबते. गुडघ्यावर हात ठेवून श्वास घेते, मला हाताने पुढे जायला सांगते. मीही इथेच थांबायचे, या पायरीवर, कठड्याला टेकून. आज मी वर पोचते, तेव्हा छाती धडधडते आहे, पण पाय थांबलेले नाहीत. वरच्या उन्हात मी उगाचच उभी राहते. इतका आनंद काट्यावरच्या आकड्याने मला कधीच दिलेला नाही.

स्टेशनकडे जाणारा रस्ता म्हणजे रविवारचा रस्ता. जिलेबी-फाफड्याच्या दुकानाबाहेर पिशव्या धरून तीस-चाळीस माणसं उभी आहेत. कढईत जिलेबीची वेटोळी फुगतात, पाकात बुडतात, कागदावर येतात. त्यापुढे वडापावची गाडी. तेलाचा चर्र आवाज, लसणाच्या चटणीचा वास, मिरचीवर मीठ. माझ्या तोंडाला पाणी सुटतं, अगदी पूर्वीसारखंच.

नाक्यावरचे मजूर गाडीपाशी दोन-दोन वडापाव खाताहेत. एका वडापावात साधारण 300 उष्मांक. त्यांतला एक जण आता सिमेंटची पाटी घेऊन चौथ्या मजल्यावर चढेल, दिवसभर. त्याला ते दोन्ही पुरायचेसुद्धा नाहीत. मी सोमवारी खुर्चीत बसेन, दिवसभर. वडापावला शिव्या देणं मला पटत नाही. या शहरात घाईच्या वेळी गरम, पोटभर आणि खिशाला परवडणारं त्याच्याइतकं दुसरं काही हातात येत नाही. बाजूला उकडलेली अंडी आहेत, भाजलेले चणे आहेत, केळ्यांची गाडी आहे. मी अंडी घेते. गाडीवाला टरफल सोलतो, उभं चिरतो, मिरपूड भुरभुरवतो. मजूर आणि मी शेजारी उभे राहून खातो.

भाजीवालीपाशी मेथी, लाल माठ, चवळी. देशाची 2024 ची आहार-मार्गदर्शिका सांगते की ताटाचा अर्धा भाग भाज्या-फळांचा असावा. मी मनात अर्धं ताट धरते. पाच माणसांचं अर्धं ताट म्हणजे माठाच्या किती जुड्या? आणि त्या निवडायच्या कुणी? एक जुडी निवडायला, तीन पाण्यांतून धुवायला, चिरायला अर्धा तास जातो. शिजून ती ओंजळभर होते. चांगल्या खाण्याचा खर्च सगळे रुपयांत सांगतात. माझ्या मते तो आधी बायकांच्या वेळेत भरला जातो, आणि रुपये नंतर येतात. माझ्या शेजारी उभी असलेली बाई मेथीची जुडी उचलते, उलटसुलट करते, परत ठेवते आणि बटाटे घेते. उद्या तिला कामाला जायचं असणार.

मासळीच्या फळ्यांपाशी ओरडा आहे. 1 जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, म्हणून लोक सुकट-बोंबील किलोकिलोने बांधून घेताहेत. "बांगडा बघ ताई, डोळा बघ कसा आहे," कोळीण पाण्याचा हबका मारते. मी वाटा घेते. तळायचा नाही, तिखलं करायचं. "तळायचा नाय? मग तुला लहान चालंल," ती म्हणते आणि वाट्यात एक जास्त टाकते.

रेल्वे पुलाच्या पायथ्याशी वजनकाटा घेऊन एक म्हातारबाबा बसलेले असतात. घरातला साधा काटा, काच चरे पडलेली, समोर फडक्यावर नाणी. त्यांच्याकडेही रांग लागते. हमाल चढतो. शाळकरी पोरं एकमेकांना ढकलत चढतात. एक सडपातळ मुलगा आकडा बघून हिरमुसतो. त्याला वजन वाढवायचं आहे. मी पिशव्या खाली ठेवते आणि चढते. बाबा वाकून बघतात.

"एकाहत्तर सहाशे."

माझी उंची 155 सेंटिमीटर. आपल्याकडच्या माणसांसाठी डॉक्टर जी मर्यादा धरतात, तिच्या हिशेबाने मी 55च्या आसपास हवी. तिथवर मी पोचेन की नाही, सांगता येत नाही. पण पंच्याहत्तरच्या पुढे होते. पाच-सात टक्के वजन उतरलं तरी साखर आटोक्यात यायला लागते, असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि मी तो आकडा धरून आहे. "कमी झालं काय?" बाबा विचारतात. मी हो म्हणते. ते हसतात आणि पुढच्याला हात करतात.

दहा वाजून गेलेत. ऊन माथ्यावर यायला लागलंय. गिरणीत माणसांच्या जागी डबे रांगेत उभे आहेत. स्टीलचे, पत्र्याचे, तेलाचे रिकामे प्लॅस्टिकचे, प्रत्येकावर खडूने नाव. पट्टा फटफटतो, जमीन थरथरते, हवेत पिठाचा धुरळा. गिरणीवाल्या भाऊंच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या. आधी सगळा गहू, मग ज्वारी, मग बाजरी-नाचणी. जात्यात आधीच्याचं पीठ राहतं, म्हणून क्रम मोडत नाही. ज्वारीवाल्यांनी थांबायचं. आम्ही चौघी भिंतीच्या सावलीत थांबतो, पदराने वारा घेत.

"ज्वारी कुणाला? मिस्टरांना शुगर आहे?" शेजारची विचारते.

"नाही. मला."

"तुम्हाला एकटीला?"

"हो."

ती गप्प होते. मग तिच्याकडचं सांगू लागते. नवऱ्याला मधुमेह म्हणून त्याच्या भाकऱ्या वेगळ्या. मुलगा जिमला जातो म्हणून त्याची अंडी, त्याचं उकडलेलं चिकन वेगळं. सासूबाईंना दात नाहीत म्हणून त्यांचं मऊ वेगळं. "आणि तुमचं?" मी विचारते. ती हाताने काहीच नाही अशी खूण करते. तिसरी म्हणते, "आपल्यासाठी कोण परत तवा ठेवणार?" कुणी तक्रारीच्या सुरात बोलत नाही. गिरणीच्या घरघराटात सगळं ओरडूनच सांगावं लागतं, त्यामुळे हे सगळं रस्त्यावर मोठ्याने ऐकू जातं.

मला त्यांना सांगायचं आहे की मी तवा ठेवायला लागले. सुरुवातीला फार अवघडल्यासारखं व्हायचं. सगळ्यांच्या पोळ्या झाल्यावर स्वतःसाठी पीठ काढताना मी दाराकडे बघायची. आता दोन भाकऱ्या करते, मोठी वाटी मटकीची उसळ घेते आणि सगळ्यांबरोबर बसते. शेवटी नाही. उरलेलं फ्रिजमध्ये जातं, आणि संध्याकाळी ज्याला भूक लागते, तो ते काढून खातो. मी हे सांगते, जमेल तेवढं ओरडून. शेजारची ऐकते. "आणि घरचे?" "सवय होते," मी म्हणते. "त्यांनापण."

भाऊ माझ्या नावाने हाक मारतात. डबा गरम आहे, पोटाशी धरवत नाही. पीठ अजून वाफेचं आहे, झाकण किलकिलं ठेवायला ते बजावतात.

घरी पोचते तेव्हा अकरा वाजलेत. जिना चढून घामाने ब्लाऊज पाठीला चिकटलेला. मुलगा सोफ्यावर, फोन डोळ्यांपुढे. "आई, आज बाहेरून मागवू या?"

"बांगडे आणलेत. ते मी करते. भाकरी तू."

तो फोन खाली ठेवतो. गेल्या रविवारी त्याची भाकरी तव्यावर तीन ठिकाणी फाटली होती, तरी ती आम्ही सगळ्यांनी खाल्ली. त्याने परात काढली आहे. नळाकडे जातो.

"गार पाणी नको," मी सांगते. "आधी उकळी येऊ दे. पिठावर ओत, चमच्याने हलव. झाकून ठेव थोडा वेळ. हाताला सोसेल इतकं झालं की मग मळ, तळव्याने, जोर लावून. चिरा जाईपर्यंत."

"किती करायच्या?"

"माझ्या दोन," मी म्हणते. "तुझ्या तुला किती हव्यात ते तू ठरव."