जुनी वास्तू, नवा धनी

साष्टीच्या बेटावर आज जी मुंबईची उपनगरे म्हणून ओळखली जातात, त्यांतील घरे एका काळाची नाहीत. १८९६ च्या प्लेगानंतर शहरातील कोंदट वस्तीला कंटाळलेली कुटुंबे मोकळ्या हवेच्या ओढीने उत्तरेकडे सरकू लागली. १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय स्थापन झाले आणि १९२८ साली पश्चिमेकडील लोहमार्गावर बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली, तेव्हा कोटातील (फोर्टमधील) कचेरीत चाकरी आणि पार्ल्या-अंधेरीस बिऱ्हाड ही व्यवस्था मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आली. आणि १९५० व १९५७ साली महापालिकेची हद्द दोन टप्प्यांनी उत्तरेकडे वाढून दहिसर-मुलुंडपर्यंत पोहोचल्यावर सहकारी गृहसंस्थांच्या तीनमजली, चारमजली इमारती रांगेने उभ्या राहिल्या. या प्रत्येक काळाने आपापली बांधणी मागे ठेवली आहे. म्हणून उपनगरात जुने घर घेऊ इच्छिणाऱ्या गृहस्थाने भावाची बोलणी सुरू करण्यापूर्वी घराचा सन विचारावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. कारण कोणते कागद मागावयाचे, कोणत्या भिंतीला हात लावावयाचा नाही आणि दुरुस्तीचा पैसा प्रथम कोठे घालावयाचा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या एका सनात दडलेली असतात.

प्रथम कागदांविषयी. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा असे सांगतो की, शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदलेल्या दस्तानेच होते, आणि विक्रीच्या नुसत्या कराराने मिळकतीत कोणताही हक्क उत्पन्न होत नाही. तरीही केवळ साठेखतावर, म्हणजे अशा करारावर, वर्षानुवर्षे वहिवाट चालू आहे, अशी प्रकरणे जुन्या मिळकतींत पदोपदी आढळतात. यासाठी तीस वर्षांचा शोध दुय्यम निबंधकांच्या दप्तरातून वकिलाकरवी घ्यावा, सूची क्रमांक दोनचे उतारे एकमेकांशी ताडून पाहावेत, आणि बंगला असेल तर नगर भूमापनाच्या मिळकत पत्रिकेवर ज्याचे नाव आहे तोच विकणारा आहे किंवा कसे, याची खातरजमा करावी. वडिलार्जित मिळकतीत बहुधा पत्रिकेवर आजोबांचे नाव तसेच राहिलेले असते आणि वारसांपैकी कोणी नागपुरास तर कोणी न्यूजर्सीत असतो. बहिणींनी ‘तोंडी हक्क सोडला आहे’ हे आश्वासन स्वीकारण्याजोगे नाही. स्थावरातील हक्कसोडपत्र नोंदलेलेच असावे लागते, आणि हिंदू वारसा कायद्याच्या ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने एकत्र हिंदू कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी मुलाइतकीच सहदायाद झालेली आहे. ज्या खरेदीखतावर एका बहिणीची सही राहिली, ते खरेदीखत पुढे दिवाणी दाव्याचे बीज ठरू शकते.

बंगल्यात भाडेकरू असेल तर प्रकरण अधिक नाजूक होते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने दिलेले संरक्षण ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही चालू राहिले असल्यामुळे, खाली दोन खोल्यांत राहणारे वृद्ध दांपत्य मिळकतीबरोबरच नव्या धन्याकडे येते, त्यांच्या हक्कांसह येते. आणि ते तसेच यावे हे न्यायाचेही आहे. रिकाम्या घराचा भाव देऊन भरलेले घर घेऊ नये, एवढेच.

सहकारी संस्थेतील सदनिका असेल तर भागपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला आणि इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र यांच्या बरोबरीने आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकीचे रीतसर हस्तांतरण, संस्थेच्या नावे झाले आहे काय? सदनिकांविषयीच्या १९६३ च्या कायद्याने ते करून देण्याचे बंधन बांधकाम करणाऱ्यावर घातले, परंतु असंख्य इमारतींच्या बाबतीत ते पाळले गेले नाही. अखेर २००८ साली कायद्यात दुरुस्ती होऊन संस्थेला जिल्हा उपनिबंधकांकडून मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बांधकाम करणाऱ्याने करून दिले नाही तरी कायद्याने झाले असे मानलेले हस्तांतरण, मिळविण्याची वाट मोकळी झाली. ज्या संस्थेने तीही तसदी घेतली नाही, तिच्या सभासदाच्या पायाखालची जमीन कागदोपत्री अद्याप परक्याची असते. इमारत लवकरच पाडून नवी होणार आहे, या आशेवर ज्यादा किंमत मागितली जाते तेव्हा तर हा प्रश्न निर्णायक ठरतो. शिवाय पार्ले-सांताक्रूझच्या पट्ट्यात विमानतळामुळे इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे. नव्या इमारतीचे जे गणित अन्यत्र जुळते ते तेथे जुळेलच असे नाही.

आता प्रत्यक्ष वास्तूकडे वळू. त्याच १८८२ च्या कायद्याप्रमाणे, खरीदणाऱ्याला सामान्य दक्षतेने कळू शकणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. याचा दुसरा अर्थ असा की, दक्षतेने कळण्याजोगा दोष न पाहिल्याचे फळ खरीदणाऱ्यानेच भोगावयाचे असते. आणि दक्षतेचा काळ म्हणजे पावसाळा. सांताक्रूझला एका पावसाळ्यात सरासरी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि श्रावणात जे घर कोरडे राहिले त्याच्या छपराविषयी वेगळे प्रमाणपत्र लागत नाही. दिवाळीपूर्वी ताजा रंग दिलेल्या भिंतींकडे नुसते पाहून मात्र काहीच कळत नाही. रंगाखाली लोणा आलेला असतो, गिलावा बोटाने ठोकला तर पोकळ वाजतो, न्हाणीघराच्या पलीकडील भिंतीला हाताचा तळवा लावला तर गारवा लागतो. या खुणा रंगाने झाकल्या जात नाहीत. बंगल्याचे जोते रस्त्याच्या मानाने किती उंच आहे हेही पाहावे. वर्षानुवर्षे थरांवर थर चढून आणि पुढे काँक्रीट होऊन रस्ते उंचावले, आणि एकेकाळी तीन पायऱ्या चढून ज्या ओटीवर जावे लागे ती कित्येक ठिकाणी रस्त्याच्या पातळीला आली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी पाणी कोठवर आले होते, हे शेजाऱ्यांना विचारावे. ते भिंतीवर हात ठेवून दाखवितात.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे कौलारू घर विटांचे, चुन्याचे आणि ब्रह्मदेशी सागाचे असते. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्यामुळे भिंतीत चढलेली ओल तो बाहेर सोडतो आणि भिंत वाळते. त्यावर आजकालचा गवंडी सिमेंटचा घट्ट गिलावा चढवितो, तेव्हा ओल आतच कोंडते आणि जमिनीपासून हातभर उंचीवर येणारे पोपडे दोन वर्षांत छातीपर्यंत चढतात. एवढी एक गोष्ट समजून न घेतल्यामुळे उपनगरांतील किती तरी उत्तम घरे दुरुस्तीनेच बिघडली, याची मला मनापासून हळहळ वाटते. अशा भिंतीला पुन्हा चुनाच द्यावा. तो कालवून काही दिवस मुरू देणारा कारागीर दुर्मीळ झाला आहे, परंतु नाहीसा झालेला नाही. छपरात वासे व रिपा यांपेक्षा भिंतीत शिरलेली तुळईची टोके तपासावीत, कारण ओल आणि वाळवी तेथूनच लागते.

या घरांत, आणि १९५० च्या दशकातील बऱ्याच दुमजली इमारतींतही, भार भिंती पेलतात, खांब नसतात. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर एक करण्याच्या हौसेने मधली नऊ किंवा चौदा इंची भिंत काढणे म्हणजे वरच्या कुटुंबाच्या जिवाशी खेळणे आहे. येथे संरचना अभियंत्याचा लेखी सल्ला आणि महापालिकेची परवानगी यांना पर्याय नाही, आणि ठेकेदाराच्या ‘काही होत नाही साहेब’ या उद्गारावर तर मुळीच विसंबू नये.

सहकारी संस्थांच्या इमारतींतील सळईच्या काँक्रीटची रोगकथा वेगळी आहे. ताजे काँक्रीट अल्कधर्मी असते आणि त्या गुणामुळे आतील पोलाद गंजत नाही. परंतु हवेतील कार्बन डायॉक्साइड वायू वर्षानुवर्षे आत झिरपून तो गुण नष्ट करतो, समुद्राकडील क्षारयुक्त हवा त्यात भर घालते, आणि मग सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे वरचे आवरण फुटते आणि छताचे तुकडे खाली पडतात. परीक्षेचा एक प्रकार सामान्य माणसालाही डोळ्यांनी पाहता येतो: नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचा द्रव शिंपडला असता निरोगी भाग गुलाबी होतो आणि झिजलेला तसाच करडा राहतो. तीस वर्षांवरील इमारतींना महापालिकेच्या कायद्याने स्थैर्याचे प्रमाणपत्र आवश्यक केले आहे, आणि सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींत अशा इमारतींचे संरचनात्मक परीक्षण दर तीन वर्षांनी सांगितले आहे. तो अहवाल संस्थेच्या चिटणीसांकडे मागावा व स्वतःच्या अभियंत्याला दाखवावा. अहवालच नसेल, तर किमतीच्या बोलण्यात त्याची गणना व्हावी.

घर ताब्यात आल्यावर खर्चाचा क्रम कोणता? प्रथम पाणी बाहेर ठेवणे: गच्ची, छज्जे, पन्हळी. मग न्हाणीघर. तेथे जुनी लादी उखडून खालचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, नव्याने घालावा, भिंत आणि जमीन यांच्या सांध्यात गोलाईचा वाटा नीट ओढून घ्यावा, सांडपाण्याच्या तोंडाचा नहाणी ट्रॅप बदलावा, पाणी कोंडून ठेवून गळतीची परीक्षा घ्यावी, आणि मगच नवी लादी बसवावी. गंजाने आतून अरुंद झालेले जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप याच वेळी काढावेत. त्यानंतर वीज. लाकडी पट्ट्यांवरील वायरिंग दिवे आणि पंख्यांच्या काळचे आहे. दोन हजार वॉटचा एक गीझर सुमारे नऊ अँपिअर ओढतो. त्याला आणि वातानुकूलन यंत्राला स्वतंत्र जाड तार, खरीखुरी अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारी आरसीसीबी, यांवर काटकसर करू नये. रंग, कपाटे आणि स्वयंपाकघराचा ओटा यांची पाळी यानंतर येते. बहुतेक कुटुंबे हा क्रम उलटा लावतात आणि पहिल्याच पावसाळ्यात नवा रंग खरवडतात, हे पाहून वाईट वाटते.

आणि जे उत्तम आहे ते फेकू नये. सागाची दारे-खिडक्या रंगाचे थर उतरवून तेलपाणी केल्यास आणखी एक पिढी टिकतात. १९२२ साली स्थापन झालेल्या भारत टाइल्सच्या आणि तत्सम कारखान्यांच्या नक्षीच्या सिमेंट लाद्या अजून अनेक घरांत आहेत. त्यांवर चकचकीत फरशी चढविण्यापेक्षा यंत्राने पॉलिश करून घ्यावे; फुटलेल्या लाद्यांच्या जागी माळ्यावर किंवा कपाटाखाली सापडणाऱ्या जुन्या लाद्या बसवाव्यात, आणि डाग काढण्यासाठी गवंडी ॲसिड ओतू लागला तर त्याला त्याच क्षणी थांबवावे, कारण ॲसिडाने लादीचा सिमेंटाचा वरचा थर खाल्ला जातो आणि त्याबरोबर नक्षीचा रंगही जातो.