ट्रॅक्टरवर मनाई हुकूम आल्यास शेतकऱ्यापुढे कोणते मार्ग? तंजावूरमधील कायदा आणि पूर्वपीठिका

तंजावूर : कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात प्रथेनुसार १२ जूनला मेट्टूर धरणाचे पाणी सोडले जाते आणि कुरुवै भाताच्या लावणीसाठी चिखलणीची घाई सुरू होते. हे काम आता बहुतांशी ट्रॅक्टरवर अवलंबून आहे. मागण्या घेऊन शेतकरी जिल्हा मुख्यालयाकडे निघाले की तोच ट्रॅक्टर मोर्चातही असतो. त्यामुळे रस्त्यावरील ट्रॅक्टरवर निर्बंध घालणारा स्थानिक हुकूम शेती आणि निषेधाचा हक्क या दोहोंना स्पर्श करतो.

निर्बंध एकाच प्रकारचे नसतात. चिखलणीच्या लोखंडी चाकांसह ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर नेल्यास रस्ता उखडतो. अशा चाकांना मनाई करणे अवाजवी म्हणता येणार नाही. परंतु सरसकट सर्व ट्रॅक्टरना रस्ता बंद करणे ही निराळी बाब आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार शेतीचा ट्रॅक्टर हे ‘बिगर-वाहतूक वाहन’ आहे. २०१७ मध्ये ही तरतूद बदलण्याचा मसुदा पुढे आला, तेव्हा खासदार दुष्यंत चौटाला यांनी ट्रॅक्टर चालवत संसद गाठून विरोध नोंदवला होता. ती व्याख्या पुढेही कायम राहिली.

मोर्चे व जमावावरील तातडीचे मनाई हुकूम सामान्यतः भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. १ जुलै २०२४ पूर्वी हेच अधिकार कलम १४४ मध्ये होते. हुकूम लेखी असावा लागतो व त्यात कारणीभूत वस्तुस्थिती नमूद करावी लागते. त्याची मुदत दोन महिने असते. राज्य शासन ती आणखी कमाल सहा महिने वाढवू शकते. फारशी चर्चेत नसलेली, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त तरतूद पुढे आहे. हुकमाची झळ बसलेली कोणतीही व्यक्ती तो रद्द करण्यासाठी किंवा बदलण्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. अर्जदाराला स्वतः अथवा वकिलामार्फत बाजू मांडण्याची लवकर संधी द्यावी लागते आणि अर्ज फेटाळल्यास कारणे लेखी नोंदवावी लागतात. ही कारणे हाती असल्यास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठापुढील रिट याचिकेला आधार मिळतो. तंजावूर जिल्हा त्याच खंडपीठाच्या कक्षेत येतो.

सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय दोन्ही बाजूंनी पाहावे लागतात. हिम्मतलाल शाह प्रकरणात (१९७२) न्यायालयाने म्हटले की, शासन रस्त्यावरील सभांचे नियमन करू शकते, पण त्यांना सरसकट बंदी घालू शकत नाही. अनुराधा भसीन प्रकरणात (२०२०) असे हुकूम प्रसिद्ध करणे आवश्यक असल्याचे आणि कायदेशीर मतप्रदर्शन दडपण्यासाठी ते वापरता येणार नसल्याचे स्पष्ट झाले. त्याच वर्षी शाहीन बाग प्रकरणात सार्वजनिक रस्ता अनिश्चित काळ अडवता येणार नाही, असेही न्यायालयाने बजावले. ट्रॅक्टर मोर्चाच्या आयोजकांना हा शेवटचा निर्णय विशेष ध्यानात घ्यावा लागेल. रस्त्यात उभ्या केलेल्या ट्रॅक्टरांची रांग पायी मोर्चाहून कितीतरी अधिक जागा अडवते. मार्ग, वेळ आणि वाहनांची संख्या आधीच लेखी कळवणाऱ्या अर्जाला म्हणूनच अधिक वजन येते. जिल्हाधिकारी कार्यालयात दरमहा भरणारी शेतकरी तक्रार निवारण बैठक ही त्याची पहिली पायरी ठरू शकते.

स्थानिक हुकूम शांततेने निष्प्रभ केल्याचे ठळक उदाहरण याच भूमीत घडले आहे. १३ एप्रिल १९३० रोजी सी. राजगोपालाचारी सुमारे शंभर सत्याग्रहींसह तिरुचिरापल्लीहून वेदारण्यमकडे मिठाच्या सत्याग्रहासाठी पायी निघाले. वेदारण्यम तेव्हा तंजावूर जिल्ह्यात होते. जिल्हाधिकारी जे. ए. थॉर्न यांनी यात्रेकरूंना अन्न अथवा आसरा देणाऱ्यास सहा महिने कैद होईल, असा इशारा दिला. गावकऱ्यांनी अधिकाऱ्यांशी झटापट केली नाही. त्यांनी अन्नाच्या पुड्या वाटेवरच्या झाडांना बांधून ठेवल्या आणि नदीकाठी भोजनाची मोठी भांडी पुरून ठेवली. कुंभकोणमला पंतुलु अय्यर यांनी मात्र काहीही न लपवता पाहुणचार केला आणि त्यासाठी कारावास भोगला. ३० एप्रिलला राजगोपालाचारींना अटक झाली, पण यात्रा उपाशी राहिली नव्हती. लोकांच्या मनातील शासननिष्ठा आता उरलेली नाही, अशा आशयाची कबुली थॉर्न यांनीच वरिष्ठांना दिली.