अमेरिकेचं नागरिकत्व देताना मुलाखतीत नेमकं काय विचारतात? आणि मग आपल्या भारतीय पासपोर्टचं काय होतं?

व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर हा फोटो तुम्ही एकदा तरी बघितला असेल. कुणीतरी सूट घालून किंवा पैठणी नेसून उभं आहे, एका हातात छोटासा अमेरिकन झेंडा, दुसऱ्या हातात सर्टिफिकेट. खाली चाळीस-पन्नास "अभिनंदन", आणि मध्येच एखाद्या काकांची कमेंट, "म्हणजे आता तू भारतीय नाहीस तर!"

काकांची कमेंट टोचणारी असते, पण कायद्याच्या भाषेत काका बरोबर असतात.

परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२२ या एका वर्षात २ लाख २५ हजार ६२० जणांनी भारताचं नागरिकत्व सोडलं. अमेरिकेच्या २०२२ च्या आर्थिक वर्षात तिथले नागरिक झालेले भारतीय होते ६५ हजार ९६०. मेक्सिकोनंतर दुसरा नंबर आपलाच.

पण त्या फोटोपर्यंत पोहोचायला माणसाला काय काय करावं लागतं? मुलाखतीत काय विचारतात? आणि शपथ घेतल्यावर गावाकडच्या सातबाऱ्याचं, मतदानाचं, पासपोर्टचं काय होतं? एकेक करून बघूया.

घड्याळ कधी सुरू होतं?

बऱ्याच जणांचा गैरसमज असा की अमेरिकेत इतकी वर्षं राहिलं की नागरिकत्व मिळतं. तसं नाहीये. एच-वन-बी व्हिसावर तुम्ही पंधरा वर्षं काढली तरी ती यात धरत नाहीत. घड्याळ सुरू होतं ग्रीन कार्ड मिळाल्यापासून.

ग्रीन कार्ड मिळाल्यावर साधारण ५ वर्षांनी अर्ज करता येतो. अमेरिकन नागरिकाशी लग्न झालं असेल आणि दोघं एकत्र राहत असतील तर ३ वर्षांनी. अर्ज ९० दिवस आधी टाकायची सवलत आहे. अर्जाचं नाव एन-४००.

भारतीयांची खरी अडचण इथेच आहे. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डात कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे भारतीयांची रांग कित्येक वर्षांची झालीय. म्हणजे फोटोतला माणूस पाच वर्षं थांबलेला दिसत असला तरी प्रत्यक्षात तो पंधरा-वीस वर्षं थांबलेला असू शकतो.

आजी-आजोबांची फाईल कुठे अडकते?

नुसतं कार्ड असून भागत नाही. ५ वर्षांपैकी किमान ३० महिने तुम्ही शरीराने अमेरिकेत असायला लागता. शिवाय सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर तुमचं वास्तव्य खंडित झालं असं अधिकारी गृहीत धरतात, आणि ते झालं नाही हे तुम्हाला पुराव्यानिशी दाखवावं लागतं. वर्षभर किंवा त्याहून जास्त बाहेर राहिलात तर वास्तव्य तुटतंच.

आता आपल्याकडची नेहमीची गोष्ट घ्या. मुलाने आई-वडिलांना ग्रीन कार्ड करून दिलं. उन्हाळ्यात ते न्यू जर्सीत, दिवाळी ते गुढीपाडवा पुण्यात. एखाद्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मुक्काम सात महिन्यांवर गेला. पाच वर्षांनी अर्ज भरताना हाच मुक्काम समोर येतो. म्हणून गेल्या पाच वर्षांतल्या प्रत्येक परदेश प्रवासाच्या तारखा लिहून ठेवा, हा पहिला सल्ला सगळे देतात. अर्जात त्या द्याव्याच लागतात.

फी किती? एप्रिल २०२४ पासून ऑनलाईन अर्जाला ७१० डॉलर आणि कागदी अर्जाला ७६० डॉलर. उत्पन्न कमी असेल तर सवलत मिळू शकते. त्यानंतर बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी, आणि मग येतं मुलाखतीचं पत्र.

मुलाखतीच्या खोलीत काय होतं?

अधिकारी नाव पुकारतो. खोलीत गेल्यावर बसायच्या आधीच उजवा हात वर करून खरं बोलण्याची शपथ घ्यावी लागते. त्यानंतर तुम्ही जे बोलता ते सगळं शपथेवरचं असतं.

मग ओळखीची कागदपत्रं, आणि त्यानंतर एन-४०० ची उजळणी. पत्ता बदलला का, नोकरी तीच आहे का, लग्न कधी झालं, टॅक्स भरला का. या गप्पा दिसायला साध्या असतात, पण तुमच्या बोलण्याच्या इंग्रजीची परीक्षा यातच सुरू झालेली असते.

पुढे येतात "कधीही" या शब्दाचे प्रश्न. कधीही अटक झाली का? अमेरिकेत कधीही मतदान केलं का, किंवा मतदार म्हणून नाव नोंदवलं का? कुठल्या अतिरेकी किंवा हुकूमशाही संघटनेत होता का? बरेच जण इथे नुसतं "नो, नो, नो" म्हणत जातात. तेवढ्यात अधिकारी विचारतो, या शब्दाचा अर्थ तुमच्या भाषेत सांगा बरं. आणि माणूस गडबडतो. त्यामुळे प्रश्न पाठ करताना अर्जातल्या अवघड शब्दांचे अर्थही समजून घ्यायला हवेत.

मतदार नोंदणीचा प्रश्न तर फार जपून. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना समोर आलेल्या फॉर्मवर न वाचता टिक केली, आणि नागरिक नसताना मतदार यादीत नाव गेलं, एवढ्यावरून अर्ज गोत्यात येऊ शकतो. १८ ते २६ वयात ग्रीन कार्डवर असलेल्या मुलांना सैन्यासाठीची सिलेक्टिव्ह सर्व्हिसची नोंदणी करावी लागते. ती राहिली असेल तर तोही प्रश्न निघतो.

आणि परीक्षा?

इंग्रजी वाचन : तीन वाक्यांपैकी एक नीट वाचायचं.

इंग्रजी लेखन : तीनपैकी एक ऐकून लिहायचं. किरकोळ स्पेलिंग चुकलं तरी अर्थ लागत असेल तर चालतं.

नागरिकशास्त्र : हे तोंडी असतं. आधी १०० प्रश्नांच्या यादीतून १० विचारायचे आणि ६ बरोबर आले की पास. पण २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी नियम बदलला. आता यादी १२८ प्रश्नांची आहे, विचारतात २० पर्यंत आणि बरोबर यायला हवेत १२. बारा बरोबर आले की अधिकारी थांबतो, आणि नऊ चुकले तरी थांबतो.

देशाचा सर्वोच्च कायदा कोणता? संविधान. घटनादुरुस्त्या किती? २७. सिनेटर किती? १००. यादी आधीच जाहीर आहे, त्यामुळे तयारी करणाऱ्याला हा भाग जड जात नाही.

आता ज्येष्ठांच्या कामाची गोष्ट. वय ५० असेल आणि ग्रीन कार्डवर २० वर्षं झाली असतील, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं, तर इंग्रजीची परीक्षा माफ असते. नागरिकशास्त्र आपल्या भाषेत, दुभाष्यामार्फत देता येतं. म्हणजे अगदी मराठीतसुद्धा. वय ६५ आणि २० वर्षं असतील तर फक्त २० प्रश्नांचा अभ्यास, त्यातले १० विचारतात आणि ६ बरोबर आले की झालं.

एखादा भाग नापास झाला तर ६० ते ९० दिवसांत तेवढाच भाग परत देता येतो. दुसऱ्यांदाही गेला तर अर्ज नामंजूर होतो, पण ग्रीन कार्ड शाबूत राहतं आणि नव्याने फी भरून अर्ज करता येतो. निर्णय चुकीचा वाटला तर ३० दिवसांत फेरसुनावणी मागता येते.

पण एक लक्षात ठेवायचं. हा अर्ज म्हणजे आपणहून आपली सगळी जुनी फाईल सरकारसमोर उघडणं. जुनी अटक, कोर्टाची केस, लपवलेली माहिती असं काही असेल तर प्रकरण नुसत्या नामंजुरीवर थांबेलच असं नाही, थेट देशाबाहेर काढण्याची कारवाईही सुरू होऊ शकते. अशा वेळी आधी वकील आणि मग अर्ज.

एकेकाळी भारतीयांना अर्जच करता येत नव्हता

आज हे सगळं किचकट वाटतं, पण १७९० च्या अमेरिकन कायद्यात नागरिकत्व फक्त "स्वतंत्र गोऱ्या" माणसांसाठी होतं. १९१० मध्ये मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी फ्रामजी बलसारा यांना न्यू यॉर्कच्या अपील कोर्टाने गोरे मानलं आणि त्यांचं नागरिकत्व टिकलं.

१९२३ मध्ये मात्र उलटं झालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात राहिलेले भगतसिंग थिंड सुप्रीम कोर्टात हरले. कोर्ट म्हणालं, हे गोरे नाहीत. त्यानंतर सरकारने आधीच नागरिक झालेल्या भारतीयांचंही नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात केली.

थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. ते स्वतः १९१४ मध्ये अमेरिकन नागरिक झाले होते आणि कॅलिफोर्नियात वकिली करत होते. सरकारने त्यांच्यावरही खटला भरला. पंडितांचा मुद्दा सरळ होता. तुम्ही तेव्हा विचार करून नागरिकत्व दिलंत, मी त्या भरवशावर आयुष्य उभं केलं, आता ते मागे घेता येणार नाही. १९२६ मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यात हात घालायला नकार दिला.

भारतीयांसाठी दार कायद्याने उघडलं ते १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने. त्यात नव्याने येणाऱ्यांचा कोटा होता वर्षाला फक्त १००. याच कायद्यामुळे दलिप सिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये थेट अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले.

शपथ घेतली, पुढे काय?

मुलाखत पास झाली म्हणजे तुम्ही नागरिक झालात असं नाही. शपथविधीपर्यंत तुम्ही ग्रीन कार्डवालेच असता. त्या दिवशी ग्रीन कार्ड परत द्यायचं, इतर देशांवरची निष्ठा सोडून अमेरिकेच्या संविधानाशी निष्ठा राखण्याची शपथ घ्यायची, आणि सर्टिफिकेट हातात घ्यायचं. घेतल्याबरोबर नावाचं स्पेलिंग तपासा. लग्नानंतर बदललेलं नाव, मधलं वडिलांचं की नवऱ्याचं, हा घोळ मराठी नावांत हमखास होतो.

आणि भारताच्या बाजूने? १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ सांगतं की स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. वेगळा राजीनामा लागत नाही. भारतीय पासपोर्ट परत करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यावं लागतं. तो पासपोर्ट त्यानंतर प्रवासाला वापरणं हा गुन्हा आहे.

मग येतं ओसीआय कार्ड. यावर आयुष्यभर व्हिसाशिवाय भारतात येता येतं, राहता येतं, फ्लॅट घेता येतो. पण मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही. शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने मिळालेली शेतजमीन मात्र ठेवता येते, म्हणजे वडिलांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागू शकतं.

सगळ्यात नाजूक काळ असतो शपथ आणि ओसीआय यांच्या मधला. जुना पासपोर्ट चालत नाही, अमेरिकन पासपोर्ट अजून आलेला नाही, ओसीआय तर लांबच. नेमकं तेव्हाच घरून "बाबांना ॲडमिट केलंय" असा फोन आला तर? अशा वेळी तातडीने अमेरिकन पासपोर्ट काढून त्यावर ई-व्हिसा किंवा इमर्जन्सी व्हिसा घ्यावा लागतो. म्हणून घरी कुणी आजारी असेल तर शपथविधीची तारीख आली तरी आधी पुढच्या दोन-तीन महिन्यांचा विचार करावा. योग्य कारण देऊन तारीख बदलून मागता येते.

परतीचं दार पूर्ण बंद होतं का? नाही. ओसीआय म्हणून नोंद होऊन ५ वर्षं झाली आणि अर्जाआधी वर्षभर भारतात राहिलात, तर भारताच्या नागरिकत्वासाठी पुन्हा अर्ज करता येतो. अट एकच, अमेरिकेचं सोडावं लागतं.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर असा फोटो आला तर अभिनंदन जरूर करा. आणि तो भाऊ किंवा ती बहीण जवळची असेल तर सोबत एवढंच विचारा, "पासपोर्ट सरेंडर केलास का? ओसीआयचा अर्ज टाकलास का?" पन्नास अभिनंदनांपेक्षा हा प्रश्न त्यांच्या जास्त कामाचा आहे.