गाठाळ लोकरीचा जाळीदार स्कार्फ

महर्षी कर्व्यांनी १९०० साली हिंगण्याला विधवांच्या आश्रमासाठी झोपडी बांधली. तेच आजचे पुण्यातले कर्वेनगर. आता तिथे परगावच्या मुली वसतिगृहात राहून शिकतात. तुमची लेकही तिथे असेल, तर थंडीसाठी हा स्कार्फ विणून पाठवा.

गाठाळ लोकर दिसते छान, पण टाके लपवते आणि उसवताना अडकते. म्हणून क्रोशाची सुई जाड, ६ मिलिमीटरची घ्या. हात सैल ठेवा. अवघड नक्षी नकोच, या लोकरीत ती दिसत नाही. ३१ साखळ्या घाला. सुईकडून सातव्या साखळीत खांब. मग एक साखळी घालून, खालची एक सोडून पुढचा खांब. ओळ वळताना ४ साखळ्या. दुसऱ्या ओळीपासून खांब टाक्यात न घालता खालच्या गाळ्यात घाला. गाळा बोटालाही कळतो. दर ओळीला १३ गाळे मोजा. पाच फूट झाला की टोके आत ओवा.