दर्याच्या नारळाचं माहेर

फकिरांच्या हातातला काळा, होडीसारखा कटोरा पाहिलाय? तो दर्याच्या नारळाचा. हे झाड निसर्गतः जगात दोनच बेटांवर उगवतं, सेशेल्समधल्या प्रालँ आणि क्युरियुझवर. परवा क्युरियुझला दिवसभर होतो.

होडीतून उतरताच वाळूत अल्दाब्राची महाकाय कासवं! मोठा नर २५० किलोपर्यंत भरतो. मानेखाली हळूच खाजवलं की कासव पाय ताठ करून उभं राहतं, मान लांबवतं. मी तिथेच तासभर रमलो. ही कासवं १९७८ नंतर अल्दाब्राहून इथे आणून सोडलेली आहेत.

पुढे खारफुटीतल्या लाकडी वाटेवरून पलीकडचा किनारा गाठला. माशांचं जेवण, पोहणं, सावलीत मस्त डुलकी.

आणि अखेर तो नारळ! वनस्पतीसृष्टीतलं सर्वांत जड बी, २५ किलोपर्यंतचं. ताजा नारळ समुद्रात बुडतो. आतून कुजून पोकळ झाला की मगच तरंगतो. म्हणून तो वाहत दूरच्या किनाऱ्यांना लागला तरी रुजला नाही. झाड कुणी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे ते समुद्राच्या तळाशी वाढतं असं लोक मानत. नाव पडलं ते त्यावरूनच.

जाणार असाल तर कासवांसाठी सकाळ मोकळी ठेवा.