ढगांआडून नाशिक पाहणारं गणित

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून पुराचा अंदाज बांधतात. शहरापुरतं हे माप पुरतं. पण खाली सायखेड्याकडे गोदेचं पाणी कुठल्या शेतांत शिरलं, हे साध्या उपग्रहाला नेमकं त्याच दिवसांत दिसत नाही. मध्ये ढग असतात. रडारच्या लहरींना ढगांची आडकाठी नसते.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावलेला इस्रो-नासाचा ‘निसार’ हा असा रडार उपग्रह. उंची ७४७ किलोमीटर, जाळीदार अँटेना १२ मीटरची, दर १२ दिवसांनी पुन्हा त्याच वाटेवर. त्याच्या दोन रडारांपैकी नासाच्या रडारची लहर २४ सेंटिमीटरची, इस्रोची त्याहून आखूड.

अडचण अशी की, लांब लहरीचा झोत जमिनीवर पोचेपर्यंत पंधराएक किलोमीटर पसरतो. म्हणजे नाशिक शहराचा बराचसा भाग एकाच ठिपक्यात! बारकावे टिपायचे तर अँटेना कित्येक किलोमीटर लांब हवी. १९५१ मध्ये अमेरिकी अभियंता कार्ल वायली यांनी यावर तोड सुचवली: अँटेना लहानच ठेवा, तिच्या धावण्याचा फायदा घ्या.

उपग्रह जवळ येताना परतणाऱ्या लहरीची कंपनसंख्या किंचित चढते, पुढे गेल्यावर उतरते. हा चढउतार कुठल्या क्षणी आणि किती, हे प्रत्येक जागेचं वेगळं. वाटेतले हजारो प्रतिध्वनी फेजसकट, म्हणजे लहर आवर्तनाच्या कुठल्या टप्प्यावर होती त्यासकट, नोंदवायचे आणि फूरिये रूपांतराने, म्हणजे लहरीतल्या कंपनसंख्या वेगळ्या करणाऱ्या गणिताने, एकेका जागेच्या अपेक्षित चढउताराशी ताडायचे. जुळलं तर ठिपका उजळतो, न जुळणारे एकमेकांना खोडतात. आडवं अंतर प्रतिध्वनीला लागलेल्या वेळेवरून कळतं. पंधरा किलोमीटरचा झोत असा काही मीटरवर येतो.

हे चित्र वाचायला मात्र सराव लागतो. ब्रह्मगिरीच्या कड्याचा माथा पायथ्यापेक्षा रडारला जवळ पडला, तर त्याचा प्रतिध्वनी आधी पोचतो आणि डोंगर उपग्रहाकडे कलंडलेला दिसतो. माथा आणि उतार एकाच क्षणी उमटले, तर दुसऱ्या दिशेने घेतलेलं चित्र लागतं. संथ पाणी लहर पलीकडे परतवतं, म्हणून काळं. पण वस्तीत शिरलेलं पाणी ती भिंतीवर आपटून माघारी धाडतं आणि चकाकतं. ओझरची गुळगुळीत धावपट्टीही काळीच.

म्हणून आधीच्या फेरीचं चित्र शेजारी ठेवतात. धावपट्टी तेव्हाही काळी होती. शेत नव्याने काळं पडलं असेल, तर तिथे पाणी असण्याची शक्यता मोठी. पण दोन फेऱ्यांच्या मधेच पूर येऊन ओसरला, तर त्याचे प्रतिध्वनीच नोंदलेले नसतात. तिथे तलाठ्याच्या पंचनाम्याला पर्याय नाही.